कायदे चार आहेत, पण स्कीमवाल्याला भीती कुणाचीच नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

"जादा परताव्याचे आमिष दाखवून अमुक लाखांची फसवणूक" ही बातमी तुमच्या पेपरात इतक्यांदा येते की आता आम्ही फक्त गावाचं नाव आणि आकडा बघतो आणि पान उलटतो. मार्केट यार्डात चहाच्या गाड्यावर पेपर वाचताना कुणीतरी म्हणतोच, "ह्येला कायदा न्हाय व्हय?" आणि दुसरा लगेच म्हणतो, "हाय की, पर लावतंय कोण?" संपला विषय, परत गुळाच्या दरावर गप्पा सुरू. मला ह्या दुसऱ्या माणसाबद्दल लिहायचंय, कारण माझं मत असं झालंय की ह्या स्कीमवाल्यांचं खरं भांडवल लोकांचा लोभ नाही, तर "कायदा काय करणार" हा जो लोकांचा पक्का समज झालाय तो आहे, आणि तो समज सरकारने आपल्या हातानं तयार केलाय.

मी गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. लोकांचा पैसा येतो कुठनं आणि जातो कुठं हे बसल्या जागी दिसतं. हंगामात शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, मी काढायची, पैसे खात्यावर टाकायचे, आणि हल्ली हल्ली असं व्हायला लागलंय की पट्टी त्याच्या हातात पडायच्या आत त्याचा फोन वाजतो आणि पलीकडनं भाचा नाहीतर मेहुणा नाहीतर गावातल्या तालमीतला दोस्त विचारतो, मामा पैसे आले का. स्कीमचे एजंट झालेल्या ह्या लोकांना कुणाचं बिल कधी जमा होतंय ते आमच्याआधी माहीत असतं. उसाचं पण तेच. कारखान्यानं १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची असा कायदा आहे, ती वेळेत मिळत नाही म्हणून आमचा शेतकरी रस्त्यावर बसतो, लाठ्या खातो, आणि जेव्हा मिळते तेव्हा त्याच आठवड्यात त्यातली निम्मी कुठल्यातरी ट्रेडिंगवाल्याच्या खात्यावर जाते. महिन्याला दहा टक्के.

महिन्याला दहा टक्के म्हणजे काय हे कुणी कागदावर मांडत नाही म्हणून मी मांडतो. तुमच्याकडनं एक लाख घेतले, महिन्याला दहा हजार द्यायचे. आता बघा, तुमच्याच लाखातनं तुम्हाला दहा महिने देता येतात की! शेअर नको, सोनं नको, क्रिप्टो नको, काही धंदा करायचीच गरज नाही. एजंटाचं कमिशन, ऑफिसचं भाडं, हॉल आणि जेवणावळ वजा केली तरी सात आठ महिने आरामात जातात. आणि तेवढ्यात काय होतं, तीन महिने दहा दहा हजार खात्यावर पडले की माणूस स्वतःच एजंट होतो, त्याला कुणी नेमावं लागत नाही. बायकोचे दागिने तारण ठेवून आणखी दोन लाख टाकतो, बहिणीचे टाकतो, रिटायर झालेल्या सासऱ्याचा फंड आणतो. सहा महिन्यांनी तुम्ही त्याला काही सांगायला गेलात तर तो म्हणतो, "पैसं येत्यात नव्हं? मग तुझ्या का पोटात दुखतंय?" ह्याच्यावर काय बोलणार. त्याच्याकडं बँकेचा मेसेज आहे, माझ्याकडं नुसता हिशेब आहे.

ही युक्ती काही कोल्हापुरात निघालेली नाही. १९२० साली अमेरिकेत बोस्टनला चार्ल्स पाँझी नावाच्या गृहस्थाने ४५ दिवसांत ५० टक्के देतो म्हणून लोकांना लुटलं, तेव्हापासून त्याचंच नाव पडलं. तो टपालाच्या कुपनांचा धंदा सांगायचा, आपल्याकडं तेच कुणी शेळ्या सांगतो, कुणी इमू सांगतो, कुणी प्लॉट सांगतो. २०१९ ला शेजारी इस्लामपूरचं कडकनाथ कोंबडीचं प्रकरण झालं, पक्षी आमच्याकडनं घ्या, पाळा, अंडी आणि कोंबड्या आम्हीच विकत घेतो. आपल्या जिल्ह्यातल्या पण किती पोरांनी त्यात शेड मारली होती. मग २०२२ ला तर खुद्द कोल्हापुरातच ए. एस. ट्रेडर्सचं प्रकरण पोलिसांत गेलं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरला टोरेस नावाच्या दागिन्यांच्या कंपनीच्या दुकानासमोर लोक रडत उभे राहिलेले टीव्हीवर बघितले, त्यांना दर आठवड्याला परतावा मिळणार होता आणि हातात काय होतं तर मोइसॅनाइटचे, म्हणजे हिऱ्यासारखे दिसणारे स्वस्तातले खडे. ते दुकान काही गल्लीबोळात नव्हतं साहेब, भर दादरात होतं, आणि कित्येक महिने उघडं होतं.

आता कायद्याचं. कायदा नाही असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे, उलट कायद्यांची रांग आहे. १९७८ चा प्राइझ चिट आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायदा, म्हणजे साखळी योजनेवर देशात बंदी येऊन चाळीस पंचेचाळीस वर्षं होऊन गेली. त्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारापर्यंत. पाच हजार! एका सेमिनारच्या चहा-बिस्किटाला ह्यापेक्षा जास्त जातात. शिवाय त्या कायद्याला एक भोक होतं. कलकत्त्याची संचयिता नावाची कंपनी वर्षाला ४८ टक्के द्यायची, तिच्यावर ह्या कायद्याखाली केस झाली आणि १९८२ ला सुप्रीम कोर्टात ती टिकली नाही, कारण नुसतं भरमसाट व्याज देणं हे त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हतं, नवीन माणसं जोडण्यावर पैसे मिळत असतील तरच बसायचं. वर्षाला ४८ टक्के म्हणजे तेव्हा केवढं वाटलं असेल, आमच्याकडं आता वर्षाला १२० चालू आहे.

मग महाराष्ट्राने १९९९ ला ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा आणला, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, सहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि मालमत्ता जप्तीची सोय. त्याला कोर्टात आव्हानं झाली, पण २०२२ मध्ये सुद्धा सुप्रीम कोर्टाने तो वैधच ठरवला. मग २०१९ ला केंद्राचा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये डायरेक्ट सेलिंगचे नियम आले, त्यात साबण-शाम्पू-पावडरवाल्यांना पिरॅमिड योजना चालवायला स्पष्ट मनाई केली आणि राज्यांनी त्यावर देखरेख ठेवावी असं लिहिलं.

ह्यातला २०१९ चा कायदा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. एमपीआयडीमध्ये आधी पैसे बुडावे लागतात, म्हणजे मुदत झाली, पैसे मागितले, दिले नाहीत, मग गुन्हा. २०१९ च्या कायद्यात तसं नाही. परवानगी नसताना लोकांकडनं ठेवी गोळा करायची स्कीम चालवणं हाच गुन्हा, तिची जाहिरात करणं हाच गुन्हा, "या, पैसे टाका" म्हणणं हाच गुन्हा. नुसतं आवाहन केलं तरी एक ते पाच वर्षं आणि दोन लाखापासून दहा लाखापर्यंत दंड, ठेव घेतली तर दोन ते सात वर्षं, फसवून बुडवली तर दहा वर्षांपर्यंत. आणि १९७८ च्या कायद्यात बंदी असलेली साखळी योजना ह्या कायद्यात आपोआप धरलेली आहे. म्हणजे परतावा अगदी टायमात येत असला तरी पोलिसांना हात घालता येतो. कुणी बुडायची वाट बघायला नको.

मग बघतात का वाट? तर बघतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "तक्रार आलेली नाही." अहो पण परतावा चालू असताना तक्रार करणार कोण? ज्याचे पैसे येतायत तो करणार नाही, ज्याने टाकलेच नाहीत त्याला पोलीस स्टेशनात विचारतात की तुमचा काय संबंध. आमच्या ओळखीच्या एका सरळमार्गी माणसाने असंच एका स्कीमचं पत्रक नेऊन दाखवलं होतं तर त्याला तिथं सांगितलं, तुमचं काही नुकसान झालंय का, नाही ना, मग कशाला पडताय ह्यात. तो पत्रक घेऊन परत आला. पुढं त्या स्कीमचं जे व्हायचं ते झालं, आणि मग त्याच टेबलासमोर शंभर माणसांची रांग लागली.

आणि रांग लागली तरी लगेच गुन्हा दाखल होतो असं नाही. आधी "अर्ज देऊन जा", मग चौकशी, मग "हा दिवाणी स्वरूपाचा वाद दिसतोय". ह्याला कारण पण आहे, स्कीमवाल्याने कागदच तसा केलेला असतो. मी असा एक कागद हातात घेऊन नीट वाचलाय. स्टॅम्प पेपर, नोटरीचा गोल शिक्का, दोन्ही बाजूंचे फोटो, आणि आत मजकूर काय तर "वैयक्तिक व घरगुती अडचणीकरिता हातउसने घेतले". ठेव हा शब्द नाही, परतावा नाही, टक्केवारी नाही. सोबत पुढच्या तारखेचा चेक. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर मी कुठं ठेव घेतली, मित्राकडनं उसने घेतले, म्हणायला मोकळे. ज्याने पैसे दिले तो मात्र तो कागद देव्हाऱ्यात ठेवतो, सांगतो "आमच्याकडं स्टॅम्प हाय, चेक हाय, जातंय कुठं". हजार माणसांकडनं एकाच माणसाने "घरगुती अडचणीकरिता" उसने घेतलेत, एवढी कसली अडचण बाबा तुझ्या घरी, हा साधा प्रश्न नोटरीला पडत नाही, ज्या बँकेत ह्या एकाच माणसाच्या खात्यावर रोज वीस-पंचवीस अनोळखी लोकांचे लाख लाख येतायत तिथल्या साहेबाला पण पडत नाही.

साखळीवाल्यांचं गणित तर शाळेतल्या पोराला पण येईल, म्हणून लांबवत नाही. एकाने सहा जोडायचे, त्या सहांनी प्रत्येकी सहा. नवव्या पायरीला एक कोटीच्या वर माणसं लागतात आणि २०११ च्या जनगणनेत आपला अख्खा जिल्हा ३८ लाख ७६ हजारांचा. अकराव्या पायरीला महाराष्ट्र संपतो. आणि साखळी कधीही तुटली तरी शेवटच्या पायरीवर सहातले पाच असतात ज्यांना खाली कुणीच मिळालेलं नसतं. हे सेमिनारमध्ये कुणी विचारत नाही, कारण तिथं प्रोजेक्टरवर गाडीची चावी घेतानाचा फोटो चालू असतो आणि मागं ढॅणढॅण गाणं. विचारलंच तर "निगेटिव्ह माणसांना बाहेर काढा".

आता मूळ मुद्दा. स्कीम लंगडायला लागली, एक महिना पैसे आले नाहीत, दुसरा आला नाही, की एजंट घरोघर फिरतो आणि काय सांगतो माहिताय? तो असं म्हणत नाही की आमचं सगळं कायदेशीर आहे. तो म्हणतो, "केस तेवढी करू नगा. केस झाली की सगळं सील हुतंय, मग बसा कोर्टाच्या पायऱ्या चढत. सायेबांना सहा महिने द्या, मुद्दल तरी निघंल." आणि लोक ऐकतात! हातात कागद असलेले, पोटाला चिमटा घेऊन पैसे टाकलेले लोक सहा महिने गप बसतात, आणि त्या सहा महिन्यांत जमीन तिसऱ्याच्या नावावर, गाड्या विकलेल्या, साहेब दुबईला नाहीतर "नॉट रिचेबल".

आणि ह्यात त्या लोकांना मूर्ख म्हणायची माझी तयारी नाही. एजंट खोटं बोलतोय असं कुठल्या तोंडानं सांगायचं? जमिनीच्या नावाखाली लोकांकडनं पैसे गोळा करणाऱ्या पर्ल्स कंपनीचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे, ४९ हजार १०० कोटींचा मामला, फेब्रुवारी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने माजी सरन्यायाधीश लोढांची समिती नेमायला सांगितली, समितीने प्रामाणिकपणे काम केलं, पण आधी अडीच हजारापर्यंतचे दावे, मग पाच हजारापर्यंतचे, मग पुढचे, असं थोडं थोडं. सहाराने लोकांचे पैसे परत करावेत हा सुप्रीम कोर्टाचा आदेश ऑगस्ट २०१२ चा, आणि त्यांच्या सोसायट्यांमध्ये ज्यांचे पैसे अडकले त्यांच्यासाठी पोर्टल जुलै २०२३ ला, त्यात पण सुरुवातीला फक्त दहा हजारापर्यंत. ज्या म्हातारीने पोरीच्या लग्नाला म्हणून टाकले होते त्या पोरीची पोरं आता शाळेत आहेत. हे सगळं आमच्या लोकांना पाठ आहे. म्हणून एजंटाला धमकी द्यावी लागत नाही, तो नुसती आठवण करून देतो. सरकारी कामाचा सुस्तपणा हीच त्याची ढाल, आणि ती त्याला फुकट मिळालेली.

एमपीआयडीखाली जप्तीची अधिसूचना निघते, उपजिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी नेमला जातो, ते साहेब निवडणूक, पूर, पंचनामे, भूसंपादन सांभाळून हे काम बघतात. पावसाळ्यात पंचगंगेनं धोक्याची पातळी गाठली की त्यांनी स्कीमवाल्याच्या फ्लॅटचं मूल्यांकन करायचं की लोकांना हलवायचं? बदली झाली की नवा माणूस, फाइल परत पहिल्यापासून. २०१९ च्या कायद्यात विशेष कोर्टाने १८० दिवसांत मालमत्तेची प्रक्रिया पूर्ण करायचा प्रयत्न करावा असं म्हटलंय, आणि ठेवीदारांचा हक्क बाकीच्या देण्यांच्या आधी ठेवलाय. कागदावर ह्यापेक्षा चांगलं काय पाहिजे. आर्थिक गुन्हे शाखेतले काही अधिकारी जीव तोडून काम करतात हे पण मी मान्य करतो, पण त्यांना हिशेब वाचणारी माणसं द्या की, हजारो खात्यांचे व्यवहार एक हवालदार एक्सेलमध्ये कधी लावणार? आता ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्याकडं आलंय, मुंबईचे हेलपाटे वाचले. निदान अपील मुंबईत अडकलंय हे कारण तरी आता चालणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की वरातीमागून घोडं नाचवण्यापेक्षा वरात निघतानाच अडवा. ह्या स्कीमा अंधारात चालत नाहीत. मंगल कार्यालयात तीनशे माणसांचा मेळावा होतो, चौकात फ्लेक्स लागतो, व्हॉट्सअॅपवर पत्रक फिरतं, गावात पोलीस पाटील असतो, तलाठी असतो, त्यांना कोण कुठल्या स्कीमचा एजंट आहे हे गल्लीतल्या शेंबड्या पोराइतकंच माहीत असतं. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी एवढंच करावं, मेळावा झाला की दुसऱ्या दिवशी त्या माणसाला बोलवून विचारावं, ठेवी घ्यायची परवानगी कुठली, रिझर्व्ह बँकेची, सेबीची की कुणाची, कागद दाखव. नसेल तर २०१९ चा कायदा लावा, कुणी फिर्यादी नसला तर पोलिसांनी स्वतः फिर्यादी व्हावं. लोक शिव्या देतील, मान्य आहे, "चालू धंदा बंद पाडला, आमचे पैसे ह्यांच्यामुळं बुडाले" म्हणून मोर्चा पण काढतील, आणि त्या मोर्चात एखादा नगरसेवक पण पुढं असेल. त्या शिव्या खायची तयारी पाहिजे. रिझर्व्ह बँकेचं सचेत नावाचं पोर्टल २०१६ पासून आहे, तिथं अशा स्कीमची तक्रार कुणालाही करता येते, पैसे टाकलेले असायलाच पाहिजेत असं नाही. पण आमच्या यार्डात विचारा, शंभरातल्या एकाला तरी माहीत असलं तर सांगा.

आता जरा तुमच्याबद्दल, रागावू नका. २०१९ च्याच कायद्यात पेपरसाठी पण एक कलम आहे, ते फारसं कुणी वाचलेलं दिसत नाही. अशा बेकायदा स्कीमची जाहिरात किंवा भलामण करणारा मजकूर कुठल्या पेपरात आला तर सरकारने त्या पेपरला त्याच जागी, तशाच पद्धतीनं, एक पैसा न घेता पूर्ण खुलासा छापायला लावायचा. पान भरून रंगीत जाहिरात छापली असली तर पान भरून खुलासा. असा खुलासा मी तरी आजवर कुठल्याच पेपरात बघितलेला नाही, आणि "युवा उद्योजक पुरस्कार", "शून्यातून विश्व", वाढदिवसाच्या पुरवण्या, नेत्यांच्या हस्ते शाखेचं उद्घाटन, हे मात्र डोळे दुखेपर्यंत बघितलंय. गावातला माणूस पत्रकावर विश्वास ठेवत नाही हो, तो पेपरातल्या फोटोवर ठेवतो. एजंट तेच कात्रण लॅमिनेट करून फिरवतो. जाहिरात विभाग वेगळा आणि बातमी वेगळी हे तुम्हाला माहीत, आम्हाला नाही.

म्हणून एक विनंती करतो. जिल्ह्यात एमपीआयडीच्या आणि २०१९ च्या कायद्याच्या जेवढ्या केसेस आहेत त्यांची यादी माहितीच्या अधिकारात मागवा आणि महिन्यातनं एकदा छापा. कुठल्या प्रकरणात किती मालमत्ता जप्त झाली, लिलाव झाला का, किती ठेवीदारांना किती रुपये मिळाले, आणि फाइल सध्या कुणाच्या टेबलावर कधीपासून आहे. जिथं वाटप झालं असेल ते पण ठळक छापा, म्हणजे "केस करू नगा" म्हणणाऱ्या एजंटाला दाखवायला लोकांच्या हातात काहीतरी राहील. आणि जिथं एक रुपया वाटला नसेल तिथं शून्य छापा, दर महिन्याला, तो आकडा बदलेपर्यंत.

आपला,
मार्केट यार्डातला एक हिशेबनीस, कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती. एजंट पण आमचीच गिऱ्हाईकं आहेत.)